शिप्र: ओल्या रानाचा वास आणि बाटलीवरचा शब्द

आज आपण दोन गोष्टी समजून घेणार आहोत. पहिली, ज्या परफ्यूमना 'वुडी' किंवा 'मॉसी' म्हणतात, त्यांत नेमकं असतं काय? दुसरी, बाटलीवर 'ओ द तॉयलेत', 'ओ द पार्फम' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? दोन्ही एकत्र घेण्याचं कारण असं, की पहिली कळल्याशिवाय दुसरी नीट कळत नाही. आणि मग जास्त पैसे मोजूनही मनासारखा वास मिळत नाही.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करू. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. नाव फूल असलं तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र मांडलेला तो संसार आहे. शास्त्रात त्याला लायकेन म्हणतात. कोरडं हुंगलं तर वास बेताचाच, पण तेलात परतलं की घर भरून जातं. युरोपात ओकच्या झाडांवर वाढणारं 'ओकमॉस' याच कुळातलं. नावात मॉस, म्हणजे शेवाळ असलं तरी तेही लायकेनच. ताजं असताना त्यालाही फारसा वास नसतो. ते वाळवून, साठवून, द्रावकात त्याचा अर्क काढताना त्यातले मोठे रेणू तुटतात आणि ओली माती, झाडाची साल, किंचित समुद्र असा वास उलगडतो.

या ओकमॉसच्या पायावर फ्रान्समध्ये सुगंधांचं एक घराणंच उभं राहिलं. फ्रांस्वा कोटी यांनी १९१७ साली 'शिप्र' नावाचं परफ्यूम आणलं. शिप्र म्हणजे फ्रेंचमध्ये सायप्रस बेट. त्याची रचना तीन मजल्यांची समजा. वर बर्गमोट, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल. तळाशी लॅबडॅनम हा भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचा चिकट, गोडसर राळेसारखा पदार्थ, आणि ओकमॉस. मध्ये गुलाब, जाई यांसारखी फुलं. पुष्कळदा तळाला पॅचुलीचीही जोड असते. झाक गेर्लां यांनी १९१९ साली 'मित्सुको'मध्ये याच सांगाड्यावर पिकलेल्या पीचचा वास चढवला.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे मजले एकाच वेळी दिसत नाहीत. बर्गमोट हलकं, ते आधी उडून जातं. ओकमॉस, लॅबडॅनम जड. ते तासन्‌तास त्वचेवर राहतात. म्हणजे दुकानात पहिल्या पाच मिनिटांत आपण हुंगतो ते बहुतेक लिंबू; रान अजून यायचंच असतं!

आता बाटलीवरचे शब्द. अल्कोहोलमध्ये सुगंधी द्रव्य किती मिसळलंय, हे ते सांगतात. ढोबळमानाने कोलोनमध्ये २ ते ५ टक्के, ओ द तॉयलेतमध्ये ५ ते १५, ओ द पार्फममध्ये १५ ते २०, आणि पार्फम किंवा एक्स्ट्रेमध्ये २० ते ३० टक्के. हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत; प्रत्येक कंपनीचा हिशेब थोडा वेगळा असतो.

पण टक्का सांगतो 'किती'. 'काय' ते सांगत नाही. नुसत्या लिंबाच्या सालीचं तेल जास्त घातलं तरी ते लवकरच उडणार. उलट ओकमॉस असलेलं साधं तॉयलेतही संध्याकाळपर्यंत टिकू शकतं. शिवाय एकाच नावाच्या दोन बाटल्यांची पाककृती एकच असते, असंही नाही. 'शनेल नं. ५'चं मूळ पार्फम एर्नेस्ट बो यांनी रचलं, ते १९२१ साली आलं. त्याच नावाचं आजचं ओ द पार्फम झाक पोल्ज यांनी १९८६ साली रचलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ओकमॉसमधल्या अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल या द्रव्यांमुळे काहींच्या त्वचेला अॅलर्जी होते. युरोपीय संघाने २०१७ साली त्यांवर बंदीचा नियम केला. ऑगस्ट २०१९ पासून ती असलेली नवी उत्पादनं बाजारात आणता येत नाहीत, आणि ऑगस्ट २०२१ पासून विकताही येत नाहीत. म्हणून आता ती द्रव्यं जवळपास काढून टाकलेला ओकमॉस किंवा एव्हर्निलसारखं कृत्रिम द्रव्य वापरतात. जुनी बाटली आणि नवी बाटली यांच्या वासात फरक जाणवतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

मग निवडायचं कसं? आधी कागदाच्या पट्टीवर हुंगा. आवडलं तर मनगटावर एकच फवारा मारा, पण लगेच पैसे देऊ नका. अर्ध्या तासाने हुंगा, चार तासांनी पुन्हा हुंगा. त्वचा नाजूक असेल तर दुसऱ्या दिवशी ती जागाही पाहा. तॉयलेत आणि पार्फम दोन्ही असतील तर दोन हातांवर दोन लावून बघा. चार तासांनंतर जो वास उरतो, तोच तुमच्याबरोबर सर्वाधिक काळ राहणार आहे. तो आवडला तरच बाटली घ्या.