वाळवंटात पाऊस पडतो तेव्हा

वाळवंट म्हटले की वाळू, ऊन आणि तहान आपल्या डोळ्यांपुढे येतात. तिथे गाडी अडकली तर ती वाळूतच अडकेल, असे आपल्याला वाटते. पण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात असा एक रस्ता आहे, की जिथे कोरड्या दिवसांत गाड्या धूळ उडवीत जातात आणि एक रात्र पाऊस पडला की चिखलात रुतून बसतात. त्या रस्त्याचे नाव आहे बर्ड्सव्हिल ट्रॅक.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी या लहानशा गावापासून हा रस्ता निघतो आणि क्वीन्सलँड राज्यातील बर्ड्सव्हिल या तितक्याच लहान गावाला पोहोचतो. अंतर आहे ५१७ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघून छत्रपती संभाजीनगरच्याही बऱ्याच पुढे जाण्याइतके. एवढ्या अंतरात रस्ता डांबरी नाही आणि वाटेत गावही नाही. पेट्रोल मिळण्याची जागा मंगेरॅनी नावाच्या एकाच थांब्यावर आहे. १८८० च्या सुमारास क्वीन्सलँडमधील गुरांचे कळप मारीच्या रेल्वे स्थानकापर्यंत हाकत आणण्यासाठी ही वाट पडली.

या वाटेशी आपल्या उपखंडाचे नाते आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. मोटारी येण्यापूर्वी इथली सगळी मालवाहतूक उंटांवरून होत असे. हे उंट जहाजांतून कराचीहून नेलेले होते. त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, सरहद्द प्रांत आणि अफगाणिस्तान येथील उंटवाले गेले. तिकडचे लोक त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हणत. या उंटवाल्यांनी मारी गावात मातीची एक छोटी मशीद बांधली होती. तिची प्रतिकृती आजही गावात पाहायला मिळते. उंटाचा पाय रुंद आणि गादीसारखा असतो. त्यामुळे तो वाळूत रुतत नाही. ओल्या चिकणमातीवर मात्र हाच पाय सर्रकन घसरतो. पावसानंतर हे उंटवालेही तळ ठोकून जमीन वाळण्याची वाट पाहत. मोटारवाल्यांना पुढे जो धडा मिळाला, तो त्यांना आधीच मिळाला होता.

बर्ड्सव्हिलच्या भागात वर्षभरात सरासरी १६० ते १७० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. मुंबईत तेवढा पाऊस एखाद्या दिवसातही पडून जातो. मग एवढ्याशा पावसाने रस्ता बंद का पडावा? याचे कारण पाण्यात नसून मातीत आहे.

चिकणमातीचे कण अतिशय बारीक आणि चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. पाणी पडले की ते या पापुद्र्यांच्या मधे शिरते. माती फुगते आणि एक पापुद्रा दुसऱ्यावरून सहज सरकू लागतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीचा गुणही असाच आहे. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यातून चालताना चप्पल पायातून निघून जाते. ज्याने अशा शेतातून बैलगाडी जाताना पाहिली आहे, त्याला बर्ड्सव्हिलच्या रस्त्याची कल्पना लगेच येईल. ओली माती चाकाच्या खाचांमध्ये भरते. खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो आणि त्याची जमिनीवरील पकड सुटते. मग ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही, उलट आडवी होऊ लागते. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे ती कडेच्या चरात जाऊन बसते. कधी कधी चाक आणि चिखलपट्टी यांच्यामधे एवढी माती दाटते की चाक फिरेनासे होते. पहार घेऊन ती खणून काढावी लागते!

गंमत अशी, की वाळूचे वागणे याच्या अगदी उलट आहे. कोरडी भुसभुशीत वाळू चाकाखालून निसटते. ओली वाळू दबून घट्ट होते. समुद्रकिनाऱ्यावर पाण्याजवळच्या वाळूत चालणे किती सोपे जाते, ते आठवून पाहा. म्हणून पावसानंतर वाळूच्या टेकडीवर गाडी सहज चढते आणि पलीकडच्या सपाट, निरुपद्रवी दिसणाऱ्या जागेत फसते. काही ठिकाणी जमिनीवर लाल दगडगोटे फरशीसारखे पसरलेले असतात. ती जमीन टणक वाटते. पण दगडांचा थर पातळ आणि खाली चिकणमाती असते. रस्ता चिखलाचा झाला म्हणून एखाद्याने गाडी बाजूला या गोट्यांवर घातली, तर थर फुटतो आणि गाडी आसापर्यंत खाली जाते.

म्हणूनच पाऊस पडला की सरकार हा रस्ता बंद करते. रस्त्याच्या तोंडाशी मोठा फलक असतो. त्यावर रस्ता उघडा आहे की बंद, ते लिहिलेले असते. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड भरावा लागतो. काहींना हा जुलूम वाटतो. "माझी गाडी, अडकली तर माझे नुकसान," असे ते म्हणतात. पण नुकसान एकट्याचे होत नाही. चिखलात गेलेली गाडी मागे खोल चाकोऱ्या सोडते. ऊन पडले की त्या विटेसारख्या कडक होतात. नंतर येणाऱ्यांची चाके आणि पाटे त्यांत मोडतात. शेकडो किलोमीटरवरून यंत्र आणून रस्ता पुन्हा सपाट करावा लागतो. तोपर्यंत गुरांच्या मळ्यांवर राहणाऱ्या माणसांना धान्य, टपाल, औषध मिळायला उशीर होतो.

२०१० साली बर्ड्सव्हिलच्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यती पावसामुळे रद्द झाल्या. शर्यती पाहायला आलेली माणसे गावातच अडकली. वाळवंटातील शर्यत चिखलाने थांबवली!

आता सर्वांत नवलाची गोष्ट. या रस्त्याला कूपर क्रीक नावाची नदी आडवी येते. बहुतेक वर्षे तिच्या पात्रात पाण्याचा थेंबही नसतो. ही नदी दूर क्वीन्सलँडमध्ये थॉमसन आणि बारकू या दोन नद्यांच्या संगमापासून सुरू होते. तिकडे मोठा पाऊस झाला की पाणी सपाट मैदानात मैलोन्‌मैल पसरत, हळूहळू सरकत येते. ते रस्त्यापर्यंत पोहोचायला कित्येक आठवडे लागतात. तेव्हा इथे आकाश निरभ्र असते, ऊन कडक असते आणि तरीही समोर नदी भरून वाहत असते! असे झाले की वाहने तराफ्यावरून पलीकडे नेतात. २०१० मध्ये सुमारे वीस वर्षांनंतर तराफा पुन्हा चालू करावा लागला होता.

वाहत्या पाण्यात गाडी घालणे फार धोक्याचे असते. लहान मोटार फूटभर वेगवान पाण्यातही तरंगू लागते आणि तरंगणारी गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हेही वरून दिसत नाही.

टॉम क्रूज नावाच्या टपालवाहकाला हे सारे तोंडपाठ होते. त्याने १९३६ पासून पुढे अनेक वर्षे या वाटेवरून टपाल नेले. त्याच्या जुन्या ट्रकमध्ये पत्रे, पिठाची पोती, इंधनाची पिंपे आणि कधी कधी प्रवासीही असत. वाळूची टेकडी आली की तो चाकांखाली लोखंडी पत्रे अंथरी, ट्रक तेवढा पुढे नेई, मागचे पत्रे उचलून पुन्हा पुढे मांडी. कूपरला पूर आला की सारा माल उतरवून होडीने पलीकडे नेई. त्याच्या या कामावर १९५४ मध्ये एक माहितीपटही निघाला. २०११ साली वयाच्या ९६ व्या वर्षी तो वारला.

आज या रस्त्याने जाणारे लोक जास्तीचे पाणी, अन्न, फावडे, दोन सुटी चाके आणि उपग्रहावरून चालणारा फोन बरोबर घेतात. साधा मोबाइल बहुतेक वाटेवर मुका असतो. गाडी अडकली तर ते गाडीजवळच थांबतात. हा नियम फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. १९६३ च्या डिसेंबरमध्ये एका कुटुंबाची मोटार या भागात पेट्रोल संपून बंद पडली. ती माणसे पाण्याच्या शोधात गाडी सोडून निघाली आणि पाचही जण तहानेने मरण पावले. उघड्या वाळवंटात चालणारा माणूस विमानातून सहज दिसत नाही. गाडी मात्र दिसते. तिची सावलीही मिळते.

चिखलात अडकलेल्याने तर आणखी एक गोष्ट करायची असते. चाके गरगर फिरवून खड्डा वाढवायचा नाही. चूल पेटवायची, चहा ठेवायचा आणि थांबायचे. ऊन चांगले असेल तर एकदोन दिवसांत वरचा थर वाळू लागतो. पायाच्या टाचेने दाबून पाहायचे. टाच रुतली तर आणखी एक चहा.