गोठलेल्या जमिनीत उतरणारे उन्हाळे

पूर्व सायबेरियात लेना नदीच्या काठी याकुत्स्क नावाचं शहर आहे. जानेवारीत तिथलं तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एकोणिसाव्या शतकात, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, रशियन-अमेरिकन कंपनीचा तिथला कारभारी फ्योदर शेर्गिन याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. माणसं खणत गेली आणि गोठलेली मातीच लागत गेली. पाण्याची आशा संपल्यावर शेर्गिन काम बंदच करणार होता. पण ध्रुवप्रदेशाचा प्रवासी फर्डिनांड रँगेल याकुत्स्कमधून जात असताना त्याने शेर्गिनला गळ घातली की पाण्याचा नाद सोड, पण ही जमीन कुठवर गोठली आहे ते कळेपर्यंत खणत राहा. १८३७ मध्ये काम थांबलं तेव्हा विहीर ११६ मीटरांहून खोल गेली होती. तळाशीही जमीन गोठलेलीच होती.

त्या काळी युरोपातल्या भल्याभल्या भूवैज्ञानिकांना हे पटणारं नव्हतं. लिओपोल्ड फॉन बुख यांच्यासारख्या नामवंताने असल्या बातम्या अविश्वसनीय ठरवल्या होत्या. मग १८४४ मध्ये अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या मोहिमेवर याकुत्स्कला पोहोचला. त्याने विहिरीच्या भिंतीत वेगवेगळ्या खोलीवर आडवी भोकं पाडून घेतली आणि त्यांत तापमापक बसवले. वरच्या भागात कडाक्याची थंडी होती. खाली जावं तसं तापमान हळूहळू चढत होतं, आणि तळाशी ते उणे ३ अंशांच्या आसपास होतं. गोठलेली जमीन विहिरीच्याही खाली बरीच खोल जाते, हे त्या आकड्यांच्या चढावरून उघड झालं. पर्माफ्रॉस्टच्या मोजमापाचा इतिहास सांगायचा तर मी या विहिरीपासूनच सुरू करेन. ती आजही याकुत्स्कमध्ये जपून ठेवलेली आहे.

सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाला किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. ती माती असेल, वाळू असेल, कातळ असेल. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे असंही नाही. सायबेरियाच्या काही भागांत ती जवळजवळ दीड किलोमीटर खोलवर जाते. दर उन्हाळ्यात तिच्यावरचा पातळ थर वितळतो आणि थंडीत पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. झाडं, शेवाळ, ओढे, माणसांच्या वाटा, सगळं या थरावर चालतं. खालची जमीन मात्र गोठलेलीच राहते.

राहते, पण स्वस्थ राहत नाही. पृष्ठभागावरचा प्रत्येक उन्हाळा आणि प्रत्येक हिवाळा जमिनीत खाली उतरू लागतो. उष्णता कातळातून फार सावकाश सरकते आणि सरकताना तिचा जोर ओसरत जातो. साधारण १० मीटर खोलीवर उन्हाळा पोहोचतो तेव्हा वर हिवाळा लागलेला असतो. वर हिमवादळ घोंघावत असताना तिथे, खाली, वर्षातला सर्वांत उबदार काळ चालू असतो. अर्थात तिथे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक जेमतेम अंशभर उरलेला असतो. १५-२० मीटरांच्या खाली ऋतू संपतात. तिथे फक्त अनेक वर्षांच्या हवामानाचा कल शिरू शकतो. दुप्पट खोल जायला उष्णतेला चौपट वेळ लागतो. या हिशोबाने १०० मीटरांवर उमटणारी खूण साधारण शतकभरापूर्वीच्या हवामानाची असते. हे गणित मला कितीही वेळा वाचलं तरी थक्क करतं. कुणी तापमापक ठेवलेला नसतानाही जमीन स्वतःच्या अंगात गेल्या शंभर वर्षांचं हवामान धरून बसलेली असते.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले आर्थर लॅकनब्रूक आणि व्हॉन मार्शल यांनी ही नोंद वाचून दाखवली. उत्तर अलास्कात तेलाच्या शोधासाठी मारलेल्या खोल बोअर त्यांच्या कामी आल्या. बोअर मारताना यंत्राच्या घर्षणाने आणि आत सोडलेल्या द्रवाने आजूबाजूची जमीन तापते, आणि ती उष्णता विरायला वर्षं जातात. म्हणून त्याच बोअर पुन्हा पुन्हा मोजाव्या लागल्या. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता स्थिर असते. त्यामुळे हवामानही स्थिर असतं तर खोली आणि तापमान यांचा आलेख जवळपास सरळ रेषेत आला असता. पण तो वरच्या सुमारे शंभर मीटरांत उबेकडे वाकलेला दिसला. त्या वाकावरून त्यांनी १९८६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं की गेल्या काही दशकांत ते शतकभरात तिथल्या गोठलेल्या जमिनीचा माथा २ ते ४ अंशांनी तापला आहे. जगाच्या तापमानवाढीवरची चर्चा तेव्हा वृत्तपत्रांत जेमतेम पोहोचली होती, आणि अलास्काच्या जमिनीत तिचा पुरावा आधीच साठलेला होता.

असल्या बोअर मुद्दाम हवामानासाठीच मारायच्या, या विचारातून पुढचं काम उभं राहिलं. स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवीय द्वीपसमूहावर, लाँगयरब्येन गावापासून थोड्या अंतरावर यानसनहाउगेन नावाची वालुकाश्माची टेकडी आहे. १९९८ मध्ये तिथे १०२ मीटर खोल बोअर मारली गेली. जागा विचार करून निवडली होती. टेकडीवरचा बर्फ वारा उडवून लावतो, आणि हा मुद्दा फार मोलाचा आहे. बर्फाची जाड साय जमिनीला थंडीपासून वाचवते. ज्या वर्षी हिमवर्षाव लवकर आणि भरपूर होतो, त्या वर्षी हवा तितकीच थंड असूनही जमीन कमी थंड होते. म्हणून नुसतं हवेचं तापमान पाहून जमिनीचा अंदाज बांधता येत नाही. जमिनीतच उतरावं लागतं. बर्फ उडून जाणाऱ्या टेकडीवर मात्र हवेतला बदल कातळापर्यंत थेट पोहोचतो.

अशा बोअरमध्ये केबलला ठरावीक अंतरावर थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारे मण्यांएवढे संवेदक, जोडून सोडतात. वर एक डेटा लॉगर बारा महिने नोंद घेत राहतो. त्याच द्वीपसमूहावर न्यू-ऑलेसुंड या संशोधनवस्तीजवळ बायेल्वा नदीच्या खोऱ्यात जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने १९९८ पासून जमिनीचं तापमान, ओलावा आणि बर्फ यांची सलग नोंद ठेवली आहे. न्यू-ऑलेसुंडमध्येच २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे. ते गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातर्फे चालवलं जातं. वस्तीबाहेर पाऊल टाकताना संशोधकांना ध्रुवीय अस्वलांपासून बचावाची साधनं बाळगावी लागतात. एक आकडा वाचायला जाणंही तिथे मोहीमच असते.

आता या सगळ्या कामातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. जमिनीत बर्फ असेल तर ती शून्याजवळ आल्यावर तापमापक जवळजवळ गप्प होतो. पेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात तापमापक बुडवून ठेवा; शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत तो शून्यावरच थांबतो, कारण येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. जमिनीतही तेच घडतं. शरद ऋतूत सक्रिय थर गोठताना आठवडेच्या आठवडे तापमान शून्यालाच चिकटून राहतं. हे संशोधकांच्या पथ्यावर पडतं: आकडा शून्याऐवजी थोडा इकडेतिकडे दिसला, तर वर्षानुवर्षं जमिनीत पडून संवेदक किती सरकला ते कळतं आणि दुरुस्ती करता येते. उपकरणाची चूक जमीनच दाखवून देते!

पण याच गुणामुळे दिशाभूलही होऊ शकते. उणे ८ अंशांवरची थंडगार जमीन भरभर तापताना दिसते आणि उणे अर्ध्या अंशावरची जमीन वर्षानुवर्षं जागची हललेली दिसत नाही. कुणाला वाटावं की दुसरी सुरक्षित आहे. प्रत्यक्षात दुसरीच्या आत बर्फ आधीच पाणी होऊ लागलेला असतो. ज्या बदलाची भीती आहे तो घडत असतानाच आकडा सर्वांत कमी हलतो. पर्माफ्रॉस्टच्या बातम्या वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

म्हणून तापमानाच्या जोडीला वितळीची खोलीही मोजतात, आणि तीही किती साध्या रीतीने! १९९० च्या दशकात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातले संशोधक उन्हाळ्याच्या शेवटी आखलेल्या चौकोनातल्या ठरलेल्या बिंदूंवर धातूची सळई जमिनीत खुपसतात. कडक गोठण लागली की सळई थांबते. जितकी आत गेली तितका सक्रिय थर. दरवर्षी तोच चौकोन, तेच बिंदू. अलास्काच्या उत्तर टोकाजवळ काही ठिकाणी सळई वर्षानुवर्षं साधारण तेवढीच आत जात होती. नंतर जमिनीच्या पृष्ठभागाची उंची काटेकोरपणे मोजली तेव्हा उलगडा झाला. वरच्या भागातला बर्फ वितळून पाणी निघून गेलं होतं आणि जमीनच खचली होती. सळई खाली जात होती, पण तिच्यासोबत मोजण्याची सुरुवातही खाली चालली होती. आता सळईबरोबर उंचीही नोंदवतात.

या खटाटोपामागची चिंता मोठी आहे. उत्तर गोलार्धातल्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या जमिनीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे आजच्या वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. हजारो वर्षांपूर्वीची मुळं, पानं, प्राण्यांचे अवशेष कुजायच्या आतच गोठून गेलेले आहेत. जमीन वितळली की सूक्ष्मजीव ते खायला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन बाहेर पडतो. २००७ ते २०१६ या काळात जगभरच्या बोअरमधल्या गोठलेल्या जमिनीचं तापमान, ऋतूंचा परिणाम पोहोचत नाही त्या खोलीजवळ, सरासरी सुमारे ०.३ अंशाने वाढलं. आकडा लहान दिसतो. पण तिथे उन्हाळे पोहोचतच नाहीत, मोठे कल तेवढे पोहोचतात, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. लाँगयरब्येनजवळ डोंगरात बांधलेल्या जागतिक बियाणेकोठारात २०१६ च्या शरदात अवेळी उबेने आणि पावसाने प्रवेशबोगद्यात पाणी शिरलं. बियाणं सुरक्षित राहिलं, पण बोगदा नव्याने बांधून काढावा लागला. तिथली जमीन कोठाराला कायमची थंडी देईल, या विश्वासावरच ते कोठार उभं आहे.

जगातल्या पर्माफ्रॉस्टचा फार मोठा हिस्सा रशियात आहे. २०२२ पासून युक्रेनमधल्या युद्धामुळे रशियन आणि पाश्चात्त्य संशोधकांमधली आकड्यांची देवाणघेवाण बरीचशी तुटली आहे. मोजमाप कुठेही खंडित झालं तर नेमकं काय हरवतं, याचंही उत्तर उष्णतेच्या त्याच संथ चालीत आहे. बोअर शाबूत असेल तर दहा वर्षांनी तिच्यात केबल सोडूनही गेल्या दशकांचा कल वाचता येईल, कारण खोल कातळ तो इतक्या लवकर सोडत नाही. पण एखाद्या विशिष्ट उन्हाळ्यात सक्रिय थर किती खाली गेला, शरदात तो किती आठवडे शून्यावर रेंगाळला, त्या हिवाळ्यात बर्फाने जमिनीला किती झाकलं, हे खोलवर पोहोचण्याआधीच एकमेकांत मिसळून जातं. ते त्याच वर्षी, त्याच जागी जाऊन मोजावं लागतं.