शिळे अन्न पोटात नव्हे, टाकीत

मे महिन्यातील एका दुपारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी उलट्या-जुलाबांनी गळून माझ्या दवाखान्यात आल्या. रात्रीचा उरलेला भात त्यांनी सकाळी फोडणी देऊन खाल्ला होता. सून ‘टाकून देऊ’ म्हणत होती, पण आजींचा प्रश्न एकच होता, “अन्न फेकाव कसं, डाक्टरसाहेब?”

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या पिढीचा हा संस्कार आहे. त्याची थट्टा करू नये. मात्र दर्यापूरच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात काही जिवाणू असे विष तयार करतात, की ते पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. वृद्धापकाळी तहान कमी जाणवते, मूत्रपिंडांची शक्तीही घटते. त्यामुळे तरुणाला एका दिवसात सोडून जाणारे जुलाब वृद्धाला रुग्णालयात नेतात.

मग त्या अन्नाचे करावे काय? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास खरकट्या व पिष्टमय अन्नावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेला २००६ साली ॲशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विचार साधा होता: शेणातील बरेचसे सत्त्व गुराने आधीच पचवलेले असते, अन्नात ते शाबूत असते. म्हणून थोड्या अन्नातून पुष्कळ गॅस मिळतो.

हे काम हवाबंद टाकीतील सूक्ष्मजीवांच्या एका मोठ्या एकत्र कुटुंबाचे आहे. पहिला गट पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थांचे बारीक तुकडे करतो. दुसरा त्यांपासून आम्ले बनवतो. तिसरा त्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन यांत रूपांतर करतो. शेवटचा गट त्यांतून मिथेन हा जळणारा वायू तयार करतो. हा शेवटचा गट जिवाणूंचाही नव्हे. ‘आर्किया’ या वेगळ्या कुळातील हे जीव आहेत. त्यांचे काही भाऊबंद आपल्या मोठ्या आतड्यातही राहतात.

या घरातील धाकटी मंडळी चपळ, तर मिथेनवाले संथ आणि नाजूक. एकदम भरपूर अन्न टाकले, तर आम्ल बनवणारे पुढे धावतात, टाकी आंबते, मिथेनवाले थंडावतात आणि शेगडी विझते. पंगतीनंतरचे सारे उरलेले अन्न एकाच दिवशी ओतण्याची चूक अनेक जण करतात. टाकीला आंबट दुर्गंधी आली, तर काही दिवस अन्न बंद ठेवावे व थोडा शेणकाला घालावा. या जीवांना आपल्या शरीराइतकी, म्हणजे सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. म्हणून हिवाळ्यात गॅस कमी होतो.

घरात टाकी बसवताना पुढील काळजी घ्यावी:

• आरंभ शेणकाल्याने करावा. अन्न काही आठवड्यांनी, रोज थोडे, बारीक करून पाण्यासोबत घालावे.
• उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या व फिनाईल टाकीत जाऊ देऊ नये; ती टाकीतील जीवांना मारतात.
• टाकी मोकळ्या हवेत असावी. तिच्याजवळ विडी वा काडी पेटवू नये; नळीची गळती साबणाच्या फेसाने तपासावी.
• बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू उरू शकतात. ते झाडांना घालावे, कच्च्या खाण्याच्या पालेभाजीला नव्हे. हात साबणाने धुवावेत.

ज्यांच्याकडे टाकी नाही, त्यांनी मोजून शिजवावे. उरलेले अन्न दोन तासांत, आपल्या कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये ठेवावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनी लगेच सुरू करावी. लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

आजी पुढे रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा मी त्यांना या टाकीबद्दल सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. “म्हणजे त्याच अन्नावर च्या होते? मंग ते फेकनं नाई झालं.”