बॉडी अमेरिकन, दिल देसी

जुन्या अमेरिकन गाड्यांवर जीव जडतो तो त्यांच्या लुक्समुळे. पण एक सवारी केली की नखरेही कळतात. धुळे ते जळगाव, डॉज किंग्सवेमधून एक झकास (आणि थोडी घाबरवणारी) राइड...

तुम्ही कधी गाडीच्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसला आहात? मी बसलेय. दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून धुळ्याला गेलं की मामांच्या डॉजमध्ये आम्ही पुढे चौघं मावायचो आणि तरी कुणाचं कोपर कुणाला लागायचं नाही. सोफ्यासारखी सलग सीट, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि बोनेटच्या टोकावर शिंगं वळवून उभा असलेला चकचकीत मेंढा. हा मेंढा म्हणजे डॉज कंपनीची खूण. पण मामी त्या अख्ख्या गाडीलाच 'एडका' म्हणायच्या. आमच्या घरात तेच नाव पडलं.

गेल्या मार्चमध्ये मामांचा फोन आला. "गल्लीतलं घर पाडून राहिलो. बिल्डरशी झालं सगळं. एडक्याला ठेवायला आता जागा नाही. तुला काही लिहायचं असलं तर येऊन जा."

मी लगेच निघाले. डोक्यात फीचर तयार होतं. छान फोटो, क्रोमची चमक, 'ओल्ड इज कूल' टाइप हेडिंग. पण धुळ्यात पोचले तर वेगळाच सीन होता. मुंबईहून एक हौशी गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. गाडीभोवती तीन चकरा मारल्या, डॅशबोर्डवरून हात फिरवला, एकदम फिदा! मग त्याने बोनेट उघडलं आणि चेहरा पडला. आत डॉजचं पेट्रोल इंजिन नव्हतंच. होतं पर्किन्सचं डिझेल. "सॉरी काका, ओरिजिनल इंजिन मिळालं तर कळवा," म्हणून तो गेला. दुसरं गिऱ्हाईक भंगारवाला. तो भाव किलोवर सांगत होता.

ज्यांनी १९७५ मध्ये इंजिन बदललं, ते मेकॅनिक चाचा जळगावात होते. जुनं इंजिन त्यांच्याकडे असेल, या आशेवर आम्ही निघालो. एडक्यातूनच!

तिकडे साधी, इकडे शेठची

निघण्याआधी थोडा फ्लॅशबॅक. अमेरिकन गाड्या आपल्याकडे फक्त राजेमहाराजांमुळे आल्या, हा एक गोड गैरसमज आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी हातमिळवणी केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ बाहेर पडू लागल्या. आमचा १९५४चा एडका तिथलाच.

गंमत म्हणजे किंग्सवे ही खरी लक्झरी कार नव्हतीच. ती होती डॉजचं नाव लावलेली प्लायमाउथ, खास निर्यातीसाठी. आणि प्लायमाउथ हा क्रायस्लरचा सगळ्यात स्वस्त ब्रँड! अमेरिकेत नोकरदार माणूस जी गाडी घेई, ती इकडे जिनिंगवाल्या शेठच्या दारात झुलायची. आजोबांनी ती अशाच एका शेठकडून सेकंडहँड घेतली होती.

खऱ्या राण्या वेगळ्या. कॅडिलॅक, पॅकार्ड, लिंकन. दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान पाहून जनरल मोटर्सचे डिझाइन प्रमुख हार्ले अर्ल इतके भारावले की १९४८च्या कॅडिलॅकला मागे शेपटीचे पंख फुटले. १९५९ पर्यंत ते इतके वाढले की गाडी आता उडेल की काय असं वाटावं. त्यांचा उपयोग? शून्य. पण स्टाइल म्हणजे स्टाइल! आपल्या फिल्मस्टार्सच्या इम्पाला आठवा. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या अशा गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या आणि त्यासाठी चढाओढ लागायची.

प्रेमात पडायला पाच मिनिटं...

सकाळी सातला आग्रा रोडवरून निघालो. पहिल्याच चौकात ट्रॅफिक पोलिसाने हसून आधी आम्हाला सोडलं. टपरीवरची पोरं मोबाइल काढून उभी. "हाई गाडी नही, हत्ती शे भो!" एकाने कॉमेंट टाकली. माझ्या छोट्या हॅचबॅककडे आजवर कुणी वळूनही पाहिलेलं नाही, त्यामुळे मला तर जाम भारी वाटलं.

आणि आराम! रस्त्यातला खड्डा अंगापर्यंत पोचतच नाही. गाडी होडीसारखी हलकेच खाली-वर होते आणि पुढे जाते. काचा मोठ्या, छत उंच. स्विफ्टपेक्षा मीटरभर लांब असलेली ही गाडी रस्त्यावरून जात नाही, मिरवते.

...आणि घाम फुटायला पंधरा

फागण्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला. मामांनी ब्रेक दाबला. मग आणखी दाबला. मग जवळजवळ उभेच राहिले. आम्ही थांबलो, ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर!

"काय बघून राहिली? घरून निघतानाच ब्रेक लावायला घ्यायचा असतो," मामा हसत म्हणाले. माझं हसू मात्र घशातच राहिलं.

हा नुसता म्हातारपणाचा दोष नाही, बनावटीतलाच आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. लागोपाठ वापरले की तापतात आणि पकड सुटते. त्यात चारही ब्रेकसाठी तेलाचा मार्ग एकच. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. सीटबेल्ट नाहीत. डॅशबोर्ड दिसायला देखणा, पण निव्वळ पत्रा. धडक बसली तर आपण आणि तो. स्टिअरिंग अर्धा वीत फिरवा, मग चाकांना निरोप पोचतो.

म्हणजे जे गुण, तेच दोष. स्वस्त पेट्रोल आणि रुंद रस्ते असलेल्या देशासाठी ही गाडी बनली. मऊ सस्पेन्शनमुळे आराम मिळतो आणि त्याच मऊपणामुळे वळणावर गाडी झोपते. साडेतीन लिटरच्या वरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मऊसूत चालायचं. पण मामांच्या हिशेबाने ते लिटरला पाच-सहा किलोमीटरच द्यायचं.

शिवाय आपला खानदेशी उन्हाळा! मे महिन्यात पारोळ्याच्या पुढे एडका हमखास बंद पडायचा. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि इंजिनला पेट्रोल मिळायचंच नाही. मग आजोबा पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि अख्खं खानदान बाभळीखाली बसून कळण्याची भाकरी सोडायचं.

इंजिन गेलं कुठे?

१९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि एडका दोन वर्षं अंगणात उभा राहिला. मग आजोबांनी डिझेल इंजिन टाकलं, आरसी बुकवर रीतसर नोंदही करून घेतली. तिकडे क्युबातही हेच झालं. १९५९च्या क्रांतीनंतर नव्या अमेरिकन गाड्या येणं थांबलं, तेव्हा लोकांनी जुन्यांमध्येच मिळेल ते इंजिन बसवलं. हवानाच्या रस्त्यांवर त्या शेअर टॅक्सी म्हणून धावत राहिल्या.

"डिझेल झाल्यावर बाबांनी गाडी लग्नसराईत भाड्याने लावली," एरंडोलजवळ मामा सहज बोलून गेले. "तुझ्या आईचं डी.एड. त्याच पैशावर झालं. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. आईने ३१ वर्षं शाळेत शिकवलं. त्या पगारावर मी मास कॉम केलं. आणि आता मी त्याच इंजिनाला 'डुप्लिकेट' म्हणून ते बदलायला निघाले होते.

जळगावला चाचांच्या गॅरेजमध्ये एडका शिरला तेव्हा ते चहा पीत होते. आवाज ऐकूनच उठले. बोनेट उघडलं, इंजिनावर हात ठेवला. "अभी तक वही है?"

जुनं इंजिन? ते तेव्हाच विकलं गेलं. कुणी नेलं, चाचांनाही आठवत नव्हतं. दुसऱ्या डॉजचं इंजिन मिळवता येईल, पण नंबर जुळणार नाही. "लोग नंबर घिसके नया डाल देते हैं. वो काम मैं नहीं करता."

ओरिजिनल म्हणजे काय हो?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुनी गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. एडका त्यात बसत नाही. तो आपला साध्या नोंदणीवर, दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करून घेतो.

नियमाचं मला पटतं. कुठेतरी रेषा आखावीच लागते आणि कंपनीतून निघाली तशी जपलेली गाडी पाहणं हा खरंच आनंद आहे. पण तशी गाडी जपायला पैसा लागतो, गॅरेज लागतं. ज्या घरात दोन्ही नव्हतं, तिथे इंजिन बदललं नसतं तर एडका १९७५ मध्येच भंगारात गेला असता. तो ओरिजिनल नाही, म्हणूनच आहे.

मामा बराच वेळ गप्प होते. मग चाचांना म्हणाले, "ब्रेक करून टाका. सगळे, नवीन."

त्या बिलातले दहा हजार मी दिले. मामा नको म्हणत होते, पण त्या ट्रॅक्टरनंतर माझा इंटरेस्ट त्यात पर्सनल होता! धुळ्याची बिल्डिंग होईपर्यंत एडका जळगावात, आमच्या अंगणात राहणार आहे. आठवड्याने तो घरी आला तेव्हा आई पायरीवर उभी होती. काही बोलली नाही. पदराने मेंढ्यावरची धूळ पुसली, दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चल, नेरी नाक्यापर्यंत नेऊन आण."

तुम्हालाही घ्यायचीय?

* क्रोमवर भाळू नका. आधी गाडीखाली वाका. तळाचा पत्रा आणि चासी गंजलेली असेल तर खर्चाला अंत नाही.
* आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर स्वतः ताडून पाहा. घासलेला नंबर दिसला तर तिथूनच नमस्कार करा.
* आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते जुन्या रबराच्या नळ्या आणि वायसर खातं. त्या बदलून घ्या.
* ब्रेक आधी, रंग नंतर.
* 'व्हीए' नोंदणीची गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. ऑफिसला नेता येत नाही.
* प्लायमाउथ २००१ मध्ये बंद झाली, डिसोटो आणि पॅकार्ड तर कधीच. पार्ट शोधावे लागतात किंवा बनवून घ्यावे लागतात. त्यामुळे गाडीआधी चांगला मेकॅनिक शोधा!