मोठ्या मित्रपरिवाराची थीम पार्क सहल : खरा प्रश्न रांगेचा आणि वर्गणीचा

शाळा किंवा महाविद्यालय सोडून पंधरा-वीस वर्षे झालेल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात सुट्ट्या जवळ आल्या की एक प्रस्ताव हमखास येतो : या वेळी सगळ्यांनी मिळून, मुलाबाळांसह, एखाद्या थीम पार्कला जाऊ. पाच मिनिटांत तीस जणांचे होकार येतात. तारीख ठरेपर्यंत त्यांतले वीस उरतात आणि आगाऊ रक्कम मागितली की बारा. प्रत्यक्ष सहलीच्या दिवशीही उद्यानाच्या दारात अर्धा तास कोणाची तरी वाट पाहण्यात जातो. सात-आठ तासांच्या दिवसात जेमतेम पाच-सहा राइड होतात आणि परतल्यावर हिशेबावरून जो अबोला धरला जातो, तो कधीकधी पुढच्या स्नेहमेळाव्यापर्यंत टिकतो. चार जणांच्या कुटुंबाला अशा सहलीत फारशी अडचण येत नाही, कारण चार व्यक्तींमध्ये जोड्या होतात सहा. पंधरा व्यक्तींमध्ये त्या १०५ होतात, आणि आवडीनिवडी, खिसा, प्रकृती व झोपेच्या वेळा यांचा मेळ त्या प्रत्येक जोडीत बसावा लागतो.

भारतात अशा उद्यानांची परंपरा फार जुनी नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातील अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिल्लाचे नाव त्याला मिळाले होते. २००८ मध्ये ते बंद झाले. मुंबईकरांच्या एका पिढीची पहिली सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला झाली. खाडी बोटीने ओलांडून जाण्याचे अप्रूप त्या काळी राइडइतकेच होते. कोलकात्याचे निक्को पार्क १९९१ चे. आज मोठ्या गटांसमोर जे पर्याय प्रामुख्याने असतात ते त्यानंतरचे : मुंबई-पुण्यादरम्यान खोपोलीजवळ २०१३ मध्ये उघडलेले इमॅजिका, वंडरला समूहाची कोची, बेंगळुरूजवळील बिडदी, हैदराबाद आणि २०२४ पासून भुवनेश्वर येथील उद्याने, आणि १९९६ पासूनची हैदराबादची रामोजी फिल्म सिटी.

यांतून निवड करताना बहुतेक गट राइडची संख्या आणि तिकिटाचा दर यांची तुलना करतात. मोठ्या गटासाठी त्याहून महत्त्वाचा निकष वेगळाच आहे : तिथे एकत्र राहता येते का? रामोजी फिल्म सिटीत पर्यटकांना बसमधून चित्रनगरी दाखवली जाते, मध्ये ठरलेल्या वेळी कार्यक्रम होतात. तिथे सत्तर वर्षांचे आजोबा आणि सात वर्षांची नात एकाच बाकावर बसून दिवस घालवू शकतात. रोलर कोस्टर आणि जलक्रीडा हेच जिथले मुख्य आकर्षण आहे, तिथे गट फुटणे अटळ असते. उंची, वय, प्रकृती आणि धाडस यांनुसार माणसे आपोआप वेगळी होतात. ही वस्तुस्थिती आधी मान्य केली तर सहल सुरळीत होते. नाकारली तर रुसवेफुगवे.

होकारांच्या गळतीमागेही एक समजण्याजोगे कारण आहे. अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ जेरी हार्वी यांनी १९७४ मध्ये ‘ॲबिलीनचा विरोधाभास’ या नावाने ते मांडले. टेक्सासमधील कडक उन्हाळ्याच्या दुपारी एक कुटुंब केवळ कोणीतरी सुचवले म्हणून ५३ मैल दूरच्या ॲबिलीन शहरी जेवायला जाते. घामाघूम होऊन परतल्यावर उलगडा होतो की जायचे कोणालाच नव्हते, प्रत्येकाने इतरांचे मन मोडू नये म्हणून मान डोलावली होती. मित्रांच्या गटात नेमके हेच घडते. जाहीर मतदानात नकार देणे अवघड असते. म्हणून एकाने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून तीनच गोष्टी विचारणे अधिक फलदायी ठरते : कोणत्या तारखा शक्य आहेत, माणशी जास्तीत जास्त किती खर्च झेपेल आणि बरोबर कोण येणार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने स्वतःजवळच ठेवावे. सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्याला झेपेल अशी सहल आखली, तर तो येतो. सरासरी काढून आखली, तर तो ‘ऑफिसात काम निघाले’ असे सांगून गळतो आणि खरे कारण कोणालाच कळत नाही.

पैशाचा प्रश्न इथेच संपत नाही. सगळा खर्च एकत्र करून शेवटी समान वाटून घेण्याची पद्धत सोपी आणि मैत्रीला शोभणारी वाटते. प्रत्यक्षात ती खर्च वाढवते. उरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाहारगृहात केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःचे बिल स्वतः भरायचे असताना लोक जेवढे मागवतात, त्याहून अधिक ते बिल समान वाटले जाणार असेल तेव्हा मागवतात, असे त्यात दिसून आले. शिवाय या पद्धतीत उपवास करणाऱ्याला बिर्याणीचे आणि एकट्या आलेल्याला चौघांच्या कुटुंबाचे पैसे भरावे लागतात. यावर महाविद्यालयीन तरुणांचे ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझे तू माझे मी, हे सूत्र अर्धेच लागू पडते. बस, मुक्काम आणि प्रवेश यांचा खर्च आधीच वर्गणी म्हणून गोळा करावा, तोही कुटुंबाप्रमाणे नव्हे तर आसनाप्रमाणे किंवा तिकिटाप्रमाणे. खाणेपिणे, छायाचित्रे, जलद रांगेचा पास हे ज्याचे त्याने पाहावे. वर्गणी जमा झाल्याखेरीज तिकिटे काढू नयेत. खजिनदाराने स्वतःच्या खिशातून पैसे घातले की त्याच्या वाट्याला पुढचे दोन महिने वसुलीचे काम येते.

तिकिटांबाबत काही बारकावे तपासून घेणे इष्ट. अनेक उद्यानांत मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. त्यामुळे आठवीतला उंच मुलगा पूर्ण दर भरतो. थीम पार्कच्या प्रवेशावरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. मात्र जाहिरातीतील दरात तो धरलेला आहे की नाही, हे पाहावे, कारण वीस तिकिटांवर तो फरक मोठा होतो. गटसवलतीसाठी किमान संख्येची अट असते. अट वीसची असेल आणि आयत्या वेळी दोघे गळाले, तर उरलेल्या अठरांचा दर बदलू शकतो. रद्द तिकिटाचे पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते, हे आरक्षणापूर्वी वाचणे हितावह.

प्रवासाचे गणितही गट मोठा झाला की बदलते. रेल्वेच्या एका सामान्य आरक्षणात सहाच प्रवासी बसतात. पंधरा जणांचे तीन वेगळे पीएनआर होतात आणि त्यांतला एक निश्चित, दुसरा प्रतीक्षा यादीत अशी वेळ येऊ शकते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे नागपूरहून हैदराबादला किंवा इंदूरहून मुंबईकडे निघणाऱ्या गटाने साठाव्या दिवशी नावे, वये आणि पैसे हाताशी ठेवूनच बसायला हवे. महाराष्ट्रातल्या गटांना एसटीची बस प्रासंगिक करारावर घेता येते. पूर्ण बस भरणार असेल तर हा पर्याय जरूर चाचपावा. खासगी गाड्यांच्या ताफ्यात मागे राहिलेल्या गाडीची वाट पाहणे हा या सहलींचा ठरलेला वेळकाढूपणा आहे, तोही यात टळतो.

तारखेची निवड मुख्यतः शाळांच्या वेळापत्रकाने बांधलेली असते. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत, सलग सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी गर्दी असणारच. मोठ्यांचाच गट असेल तर मंगळवार ते गुरुवार रजा काढणे रास्त. रजेचा एक दिवस जातो, रांगेतले काही तास वाचतात.

या रांगेचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की रांगेतील सरासरी माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा काळ. याचा व्यावहारिक अर्थ असा की रांगेची लांबी पाहून घाबरण्यापेक्षा ती किती वेगाने सरकते ते पाहावे. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ आसने आहेत आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ४८० माणसे बसतात. पुढे ३६० जण असतील तर पाऊण तास लागेल. शेजारच्या पाळण्यात एका वेळी फक्त १२ जण बसत असतील आणि फेरीला सहा मिनिटे लागत असतील, तर पुढे अवघे ९० जण असूनही तेवढाच पाऊण तास जाईल. छोटी रांग दिसली म्हणून धावणारे बहुधा इथेच फसतात.

तरीही मोठ्या गटाचा बहुतांश वेळ राइडच्या रांगेपेक्षा आपसातल्या प्रतीक्षेत जातो. लॉकर, प्रसाधनगृह, पाणी, पुढे कुठे जायचे यावरची चर्चा, मागे राहिलेल्याला फोन. दिवसभरात असे दहा थांबे झाले आणि प्रत्येकाला बारा मिनिटे लागली, तर पूर्ण दोन तास खर्ची पडतात. पंधरा जण दिवसभर एकत्र फिरणे हे ऐकायला गोड असले तरी ते कोणाच्याच हिताचे नसते. चार-चार जणांच्या तुकड्या कराव्यात, शक्यतो धाडसाच्या आवडीप्रमाणे. लहान मुलांबरोबर राहणाऱ्या मोठ्यांची दुपारी अदलाबदल व्हावी. भेटण्याच्या वेळा दोनच ठेवाव्यात : दुपारचे जेवण आणि सायंकाळी निघण्यापूर्वीचे सामूहिक छायाचित्र. भेटीची जागा सकाळी प्रत्यक्ष दाखवून ठेवावी, कारण जलक्रीडेच्या विभागात बहुतेकांचे मोबाइल लॉकरमध्ये असतात.

सर्वांत लोकप्रिय राइड उद्यान उघडताच उरकावी. पाण्यातला कार्यक्रम दुपारनंतर ठेवणे सोयीचे, कारण ओल्या कपड्यांनी पुन्हा कोरड्या राइडकडे वळणे त्रासाचे होते. जलविभागात सुती कपड्यांना सहसा परवानगी नसते. नायलॉनचा पोशाख घरून नेला तर भाड्याचे पैसे आणि एक रांग दोन्ही वाचतात. जलद रांगेच्या सशुल्क पासबाबत मात्र गटाने आधीच एकमत करावे. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांनी १९९९ मध्ये ‘फास्टपास’ विनामूल्य सुरू केला होता, २०२१ मध्ये त्याची जागा सशुल्क सुविधेने घेतली. भारतातील मोठ्या उद्यानांत असे पास सशुल्कच मिळतात. पंधरांपैकी सहा जणांनी ते घेतले, तर दुपारपर्यंत गटात सरळ दोन वर्ग पडलेले दिसतात.

प्रकृतीचा विषय चाळिशीतल्या मित्रांमध्ये विशेष नाजूक असतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार, मान-पाठीची दुखणी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास वेगवान राइड टाळण्याच्या सूचना प्रवेशाजवळच लावलेल्या असतात. त्या वाचूनही माणूस रांगेत उभा राहतो, कारण मागून ‘घाबरलास का’ असे चिडवणारे मित्र असतात. मराठी आतिथ्यातला आग्रह जेवणाच्या पंगतीत शोभतो. उलट्या लटकवणाऱ्या पाळण्याजवळ तो जीवघेणा ठरू शकतो. कोणी ‘मी नाही बसत’ म्हटले की कारण विचारायचे नाही, एवढा एक नियम गटाने निघण्यापूर्वीच करून ठेवावा. छातीत अडकवलेल्या स्टेंटची माहिती मित्रांना द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

उद्यानाची सुरक्षितता हा याचा दुसरा भाग. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया परिसरातील एक पाळणा कोसळून दोघांचा मृत्यू झाला. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांनी प्राण गमावले. अग्निशमन विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्राविना ते केंद्र चालू असल्याचे नंतर उघड झाले. सामान्य पर्यटक यंत्राची तपासणी करू शकत नाही. परंतु सुरक्षा पट्टा कर्मचाऱ्याने हाताने ओढून पाहिला का, नेमून दिलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसे बसवली जात आहेत का, बंदिस्त दालनातून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग मोकळा आहे का, या तीन गोष्टी पाहायला दहा सेकंद पुरतात. गटातल्या एकाला जरी शंका आली, तरी त्या तुकडीने रांग सोडावी. तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा विचार तिथे करू नये.

परतीचा प्रवास बहुतेक आराखड्यांत नसतोच. दिवसभर पाण्यात खेळलेल्या माणसाने रात्री घाटातून गाडी चालवणे धोक्याचे आहे. एक तर चालक वेगळा असावा, नाहीतर जवळच मुक्काम करून सकाळी निघावे. चालकाच्या जेवणाची आणि दुपारच्या झोपेची सोय हा खर्च वर्गणीतच धरावा. लॉकरच्या किल्ल्या आणि अनामत रकमेच्या पावत्या प्रत्येक तुकडीतील एकाकडेच ठेवाव्यात आणि उद्यान बंद होण्याच्या अर्धा तास आधी परत कराव्यात. त्यानंतर तिथेही रांगच लागते.