औषधात खंड नको : एचआयव्हीवरील उपचार आणि आपण

दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी आणि शेतमजुरीसाठी सुरत, बारडोली, व्यारा येथे आणि त्याही पलीकडे सौराष्ट्रापर्यंत जातात. होळीला बहुतेक जण परततात. मधल्या महिन्यांत मुले वसतिगृहात, वृद्ध घरी आणि कमावती माणसे उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, असे एकाच कुटुंबाचे तीन भाग होतात. या काळात मुलांचे लसीकरण राहते, रेशन राहते, हे आपण नेहमी बोलतो. परंतु काही घरांत आणखी एक गोष्ट राहून जाते आणि तिच्याविषयी कोणी उघडपणे बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे एचआयव्हीवरील रोजची गोळी.

या स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी आहेत, पालक आहेत, गावोगावी शिक्षक, परिचारिका, आशा कार्यकर्त्या म्हणून काम करणारे आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरात, शेजारात किंवा वर्गात हे औषध घेणारी व्यक्ती असू शकते. म्हणून हे औषध सुरक्षितपणे कसे घ्यावे आणि त्यात खंड का पडू देऊ नये, याची माहिती सर्वांना असणे आवश्यक वाटते.

उपचार आपल्यापर्यंत कसा पोहोचला

भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ साली चेन्नई येथे आढळला. त्यानंतरची कित्येक वर्षे या निदानाचा अर्थ मृत्यू असाच घेतला जात असे. परिणामकारक औषधे १९९० च्या दशकात निघाली, पण त्यांचा वर्षाचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला या कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली आणि जगभरातील किमती उतरू लागल्या. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक शासकीय रुग्णालयांत हा उपचार मोफत सुरू केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. आज जिल्हा पातळीवर एआरटी केंद्रे आहेत. २०१७ पासून देशाचे धोरण असे आहे की संसर्ग निश्चित झालेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिच्या सीडी-४ पेशी कितीही असोत, उपचार सुरू करावा.

मुंबईपासून सातपुड्यापर्यंत औषध आले. आता ते केंद्रातून माणसाच्या पोटात रोज जाणे, एवढेच अंतर उरले आहे. मात्र ते पार करण्याचे काम रुग्णालय एकटे करू शकत नाही.

गोळी नेमके काय करते

एचआयव्ही हा विषाणू आपल्या रक्तातील सीडी-४ नावाच्या रक्षक पेशींमध्ये शिरतो, पेशीच्या गाभ्यातील गुणसूत्रात स्वतःचा आराखडा मिसळतो आणि त्या पेशीलाच आपल्या प्रती काढायला लावतो. सध्या बहुतेक प्रौढ रुग्णांना दिली जाणारी गोळी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची मिळून एक असते. पहिली दोन औषधे विषाणूची नक्कल काढण्याची क्रिया रोखतात आणि तिसरे त्याचा आराखडा गुणसूत्रात मिसळू देत नाही. नवे विषाणू तयार होणे थांबले की रक्षक पेशी हळूहळू वाढतात आणि क्षयरोगासारख्या संधिसाधू आजारांचा धोका घटतो.

मात्र ज्या पेशींत हा आराखडा आधीच मिसळलेला आहे, त्या शरीरात सुप्त राहतात. तेथे ही औषधे पोहोचत नाहीत. म्हणून प्रकृती उत्तम झाली, वजन वाढले, तपासणीत विषाणू दिसेनासा झाला, तरी गोळी थांबवता येत नाही. थांबवली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो.

खंड पडण्याचा दुसरा धोका याहून गंभीर आहे. हा विषाणू आपल्या प्रती काढताना सतत चुका करतो. त्या चुकांमधून कधी असा विषाणू तयार होतो की ज्यावर एखादे औषध चालत नाही. रक्तात औषधाची पातळी पुरेशी असेल तर त्याला वाढायला वाव मिळत नाही. चार दिवस गोळी, चार दिवस नाही, असे चालले तर पातळी वरखाली होते आणि नेमका तोच विषाणू टिकून वाढतो. एकदा औषधाला दाद न देणारा विषाणू बळावला की पुढचे उपचार अधिक गोळ्यांचे आणि अधिक अवघड होतात. त्याच विषाणूचा संसर्ग जोडीदाराला किंवा बाळालाही होऊ शकतो.

रोजचे नियम

गोळी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी घ्यावी. जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कशीही चालते. वेळ अशी निवडावी की जी कामाच्या धांदलीतही टळणार नाही, उदाहरणार्थ रात्रीचे जेवण झाल्यावर. झोप नीट येत नसेल तर डॉक्टरांना सांगून सकाळची वेळ ठरवावी.

एखाद्या दिवशी विसर पडला तर आठवताच गोळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर फक्त तीच घ्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. गोळी घेतल्याबरोबर उलटी होऊन ती बाहेर पडली तर पुन्हा एक घ्यावी. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी दोन किंवा अधिक चुकल्या तर ती काळजीची बाब समजावी आणि केंद्रातील समुपदेशकांना खरे ते सांगावे. तेथे रागावतील या भीतीने अनेक जण 'सगळ्या घेतल्या' असे सांगतात. मग विषाणू वाढलेला दिसला की औषधच निकामी झाले असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

मोहाची दारू घेतली म्हणून त्या दिवशी गोळी टाळणारे पुष्कळ आहेत. दारू यकृताला आणि घराला घातकच आहे, पण ती घेतली म्हणून गोळी चुकवणे हे दुहेरी नुकसान होय. त्या दिवशीही गोळी घ्यावीच.

डबीत ओलावा शोषणारी छोटी पुडी असते, ती काढून टाकू नये. गोळ्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवाव्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली किंवा प्लास्टिकच्या कोपीत घरातील सर्वांत थंड, कोरडा कोपरा शोधावा.

दुसरी औषधे घेताना

आपल्या जिल्ह्यात रक्तक्षय आणि सिकलसेल हे दोन्ही आजार मोठ्या प्रमाणावर आहेत. शाळांतून आणि गरोदर मातांना लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. लोह आणि कॅल्शियम हे उपाशीपोटी डोल्युटेग्राविरसोबत पोटात गेले तर औषध नीट शोषले जात नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी लोहाच्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. हे जमत नसेल तर दोन्ही गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात. पित्तावर घेतली जाणारी अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त औषधे मात्र जेवणाबरोबरही एकत्र घेऊ नयेत. त्यांना २ तास आणि ६ तासांचे हेच अंतर नेहमी पाळावे. लोहाची गोळी बंद करण्याचे कारण नाही, फक्त वेळ सांभाळावी.

क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध डोल्युटेग्राविरची रक्तातील पातळी कमी करते. त्यामुळे क्षयाचा उपचार चालू असताना डोल्युटेग्राविरची जादा मात्रा साधारण १२ तासांच्या अंतराने दिली जाते. क्षयाची औषधे देणाऱ्यांना एचआयव्हीच्या गोळीविषयी आणि एआरटी केंद्राला क्षयाविषयी सांगणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. फेफऱ्यावरील काही औषधे आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन यांबाबतही हेच लागू आहे.

टेनोफोविर क्वचित मूत्रपिंडावर परिणाम करते, म्हणून केंद्रात ठरावीक काळाने रक्त तपासले जाते. दिवसभर कोयता चालवून अंग दुखते, तेव्हा दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेण्याची सवय अनेकांना असते. ती या औषधासोबत मूत्रपिंडाला अधिक धोका पोहोचवते. भगताकडील किंवा वैदूकडील मुळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना न लपवता सांगावे. एचआयव्ही समूळ घालवतो असे सांगून चालू गोळी बंद करायला लावणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये. ज्यांना हिपॅटायटिस-बीचाही संसर्ग आहे, त्यांनी गोळी अचानक सोडली तर यकृताचा तो आजार उसळू शकतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो आणि बहुधा तो आपोआप ओसरतो. डोळे पिवळे होणे, तापासह अंगावर पुरळ उठणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या होणे यांपैकी काही दिसले तर घरी वाट न पाहता तत्काळ दवाखान्यात जावे.

गाव सोडण्यापूर्वी

स्थलांतर टाळता येत नसेल तर औषधाची सोय आधी करावी. टोळी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी केंद्रात जाऊन कोठे आणि किती महिने जाणार हे सांगावे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. मुक्काम लांबणार असेल तर कामाच्या ठिकाणाजवळील केंद्राकडे नाव वर्ग करून घेता येते. केंद्रातून मिळालेली हिरवी पुस्तिका सोबत ठेवावी. गोळ्या संपल्या, हरवल्या किंवा भिजल्या तर ती दाखवून दुसऱ्या राज्यातील शासकीय एआरटी केंद्रातही मदत मागता येते. कोठे जावे हे कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे.

आणि खंड पडलाच, तर शरमेने केंद्र सोडून देऊ नये. काही दिवसच चुकले असतील तर नेहमीची गोळी लगेच सुरू करून केंद्रात कळवावे. महिना किंवा अधिक काळ गेला असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

आई, बाळ आणि वसतिगृहातील मूल

गरोदरपणात तपासणी होऊन आईचा उपचार वेळेवर सुरू झाला, त्यात खंड पडला नाही आणि जन्मानंतर बाळाला सांगितलेले औषध मिळाले, तर बाळाला संसर्ग होण्याचा धोका ५ टक्क्यांच्याही खाली आणता येतो. काहीच न केल्यास तो १५ ते ४५ टक्के असतो. उपचाराने ज्यांच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आहे, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. त्यासाठी उपचाराच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व पुढे दरवर्षी होणारी व्हायरल लोड तपासणी चुकवू नये.

मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. मूल वाढते तशी मात्रा बदलते. म्हणून मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून मुलाला देऊ नयेत आणि केंद्रातील वजनाची नोंद टाळू नये.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. पन्नास मुलांच्या देखत रोज डबी उघडणे त्याला नकोसे वाटते आणि मग गोळ्या पेटीच्या तळाशी साठत जातात. अशा मुलाला एक शांत जागा, एक ठरलेली वेळ आणि पालकांच्या संमतीने ही गोष्ट माहीत असलेले एक विश्वासाचे माणूस हवे असते. सोबत जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने किंवा डास चावल्याने हा संसर्ग होत नाही. त्यामुळे त्या मुलाला वेगळे ताट किंवा वेगळी खोली देण्याचे काहीच कारण नाही. ब्लेड मात्र प्रत्येकासाठी स्वतंत्र असावे आणि हा नियम सर्वच मुलांना लागू करावा.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेत प्रवेश देण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, संसर्गाच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही आणि कोणाची स्थिती त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगता येत नाही. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना माहीत आहे. एचआयव्हीबाधित कुटुंबातील १२ ते १८ वर्षांचे समंजस भावंड धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेशासाठी आणि उपचारासाठी सही करू शकते. आईवडील गमावलेल्या धाकट्या भावाला हाताशी धरून एखादी चौदा वर्षांची बहीण शाळेच्या दारात उभी राहिली, तर तिला 'मोठ्या माणसाला घेऊन ये' असे सांगून परत पाठवू नये.

आपल्याला काय करता येईल

माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी चौकशी न करता फक्त वेळ आणि जागा द्यावी. जे मुकादम किंवा कारखान्याच्या नोकरीत आहेत त्यांनी केंद्रात जाण्यासाठी महिन्यातून एक दिवसाची सुटी नाकारू नये आणि ती कशासाठी हे विचारूही नये. जे पालक आहेत त्यांनी मुलांना या आजाराची भीती न घालता माहिती द्यावी. औषध शासन मोफत देते. ते रोज घेण्यास लागणारा निर्धास्तपणा मात्र शेजाऱ्यांनीच द्यावा लागतो. येत्या दिवाळीनंतर आपल्या गावातून निघणाऱ्या प्रत्येक टोळीत कोणाच्या तरी पिशवीत ती डबी असेल असे समजूनच आपण वागावे. म्हणजे होळीला ते सारे सुखरूप परततील.