तट्टू लहान आणि स्वार मोठा

सुटीच्या दिवसांत माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर किंवा महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एक देखावा नेहमीं दिसतो. चांगले भरलेल्या अंगाचे एखादे गृहस्थ लहानशा तट्टावर चढूं लागतात, बरोबरची मंडळी हंसूं लागते, आणि कोणीतरी म्हणतें, "अहो, त्यापेक्षां तुम्हींच त्याला पाठीवर घ्या कीं!" घोडेवाला सांगतो, "कांहीं होत नाहीं साहेब, रोजची संवय आहे त्याला." शेजारीं उभ्या असलेल्या एखाद्या कोमल मनाच्या बाई म्हणतात, "हा शुद्ध जुलूम आहे." इसापनीतींतली बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. त्या गोष्टींत वाटेवरच्या प्रत्येकाचें मत घेतलें गेलें. गाढवाचें मत मात्र कोणींच विचारलें नाहीं. आज तें विचारून पाहावें असा माझा हेतु आहे. प्रौढ माणसाचा भार लहान तट्टाला खरोखर झेपतो काय, आणि झेपतो तर कोठपर्यंत, या प्रश्नाला हंसण्यानें उत्तर मिळत नाहीं आणि हळहळण्यानेंहि मिळत नाहीं. तें मोजमापानें मिळतें.

प्रथम 'तट्टू' कोणाला म्हणावें तें ठरवूं. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजीत नाहींत. मान संपून पाठ सुरू होते तेथें जो उंचवटा असतो, तेथपर्यंत मोजतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडांच्या नियमांत ही उंची नालांशिवाय १४८ सेंटिमीटरपर्यंत असली तर तें जनावर तट्टू समजलें जातें. या एका नांवाखालीं फार निरनिराळीं जनावरें येतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांतलें तट्टू १०७ सेंटिमीटरपेक्षां उंच नसतें आणि त्याचें वजन सामान्यतः दोनशें किलोंच्या आसपास असतें. उलट १४० सेंटिमीटर उंचीचें भरदार तट्टू साडेतीनशें किलोंच्याहि पुढें जातें. म्हणजे 'तट्टावर बसावें कीं नाहीं' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या तट्टावर, कोणीं, किती वेळ आणि कसल्या वाटेवर, हें सांगितल्यावांचून त्याचें उत्तर देतां येणार नाहीं.

लहान घोड्यावर मोठ्या माणसानें बसूंच नये असें म्हणावें, तर इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. भीमा नदीच्या खोऱ्यांतलीं भीमथडी तट्टें कांहीं अरबी घोड्यांसारखीं उंच नव्हतीं. तरी मराठ्यांच्या फौजा त्यांच्यावर दूरदूरच्या मजला मारीत. त्यांत तट्टांच्या काटकपणाचा वांटा होता, तसाच स्वाराच्या सडेपणाचाहि होता. अवजड चिलखत नाहीं, सामानाचा पसारा नाहीं, अशा स्वाराचा भार मूळचाच कमी असे. आइसलंडमधला घोडा बहुधा १३० ते १४५ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे मापानें तट्टूच; परंतु तेथील प्रौढ स्त्रीपुरुष शतकानुशतकें त्याच्यावरच बसत आले आहेत. स्कॉटलंडच्या डोंगरांतलीं तट्टें शिकारींत मारलेलीं मोठीं हरणें पाठीवर घालून खालीं आणतात. तेव्हां उंची कमी म्हणून शक्ति कमी, हा समज खरा नाहीं.

याचें कारण गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलें आहे. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकीं दुप्पट केली, तर त्याचें वजन आठपट होतें; परंतु हाडाची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचें क्षेत्रफळ, चौपटच होतें. भार पेलण्याची ताकद या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून प्राणी जसजसा मोठा, तसतसा स्वतःच्या वजनाच्या मानानें तो दुबळा. लहान कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर घेऊं शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडाहि पेलवणार नाहीं, असें गॅलिलिओचें म्हणणें होतें. तट्टू मोठ्या घोड्याच्या मानानें बळकट असतें तें यामुळें. परंतु येथें एक सावधगिरी हवी. 'मानानें बळकट' याचा अर्थ 'तितकेंच बळकट' असा नव्हे. दोनशें किलोंचें तट्टू आपल्या वजनाचा थोडा अधिक हिस्सा वाहील. पण पांचशें किलोंच्या घोड्याचें ओझें त्याच्यावर लादलें तर गॅलिलिओ त्याच्या मदतीला येणार नाहीं.

आतां मोजमापाकडे वळूं. घोडदळें आणि अश्वशाळा यांच्या अनुभवांतून एक ढोबळ नियम रूढ झाला आहे: स्वार, खोगीर आणि इतर सरंजाम मिळून होणारा भार जनावराच्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षां, म्हणजे शेंकडा वीसपेक्षां, अधिक असूं नये. शास्त्रज्ञांनीं अलीकडे तो तपासून पाहिला आहे. अमेरिकेंत ओहायो येथें आठ घोड्यांवर शेंकडा १५, २०, २५ आणि ३० असा भार देऊन केलेला प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. वीसपर्यंत फारसा फरक दिसला नाहीं. पंचवीस आणि विशेषतः तीस टक्क्यांना नाडीचे ठोके वाढले आणि पाठीचे स्नायू दुखरे झाले. ज्या घोड्यांची कंबर रुंद आणि नळीचें हाड जाड होतें, त्यांना हा त्रास कमी झाला. २०१७ सालीं आइसलंडमधील घोड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्नायूंना प्राणवायु अपुरा पडूं लागला म्हणजे रक्तांत लॅक्टेट नांवाचें द्रव्य सांचतें; तें ठराविक मर्यादेपलीकडे केव्हां जातें हें तेथें पाहिलें. सरासरीनें ही मर्यादा सुमारें २३ टक्के भाराला आली. पण एखाद्या घोड्याला ती १७ टक्क्यांनाच लागली, तर दुसऱ्याला २७ टक्क्यांपर्यंत लागली नाहीं. म्हणजे नियम उपयोगी आहे. परंतु तो सरासरीचा नियम आहे, आणि आपल्या पुढ्यांत उभें असलेलें तट्टू कधींच 'सरासरी' नसतें.

हा नियम घरच्या हिशेबांत कसा आणावा? तट्टू तराजूंत घालतां येत नाहीं, परंतु शिंप्याची फीत पुरते. तंग आवळतात तेथें छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोंकापासून ढुंगणाच्या मागच्या टोंकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेरानें गुणावें, त्याला लांबीनें गुणावें आणि ११,८८० नें भागावें; येणारा आंकडा जनावराचें वजन किलोंत जवळजवळ बरोबर सांगतो. समजा, घेर १५० आणि लांबी १३० भरली. वजन सुमारें २४६ किलो झालें. त्याचा पांचवा हिस्सा ४९ किलो. त्यांतून खोगीराचे आठ-नऊ किलो वजा केले, तर स्वारासाठीं सुमारें ४० किलो उरले. म्हणजे हें तट्टू दहा-बारा वर्षांच्या मुलाचें आहे, त्याच्या वडिलांचें नव्हे. उलट पासष्ट किलोंच्या माणसाला नऊ किलोंच्या खोगीरासह बसावयाचें असेल, तर सुमारें ३७० किलोंचें जनावर पाहिजे. येथें आणखी एक चूक टाळावी. तट्टू लठ्ठ असेल तर त्याचें वजन जास्त भरतें आणि हिशेबानें त्याला अधिक भार देतां येईल असें वाटतें. पण ती चरबी त्याच्या पायांवर आधींच लादलेलें ओझें आहे. हिशेब धरावयाचा तो निरोगी अंगलटीचा. हाडकुळ्या जनावराला तर नेहमींपेक्षां कमीच भार द्यावा.

वजनाइतकाच जागेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. घोड्याच्या पाठीवर खोगीर ठेवण्यास योग्य अशी जागा मर्यादित असते. बरगड्यांच्या अठरा जोड्या जेथवर कण्याला आधार देतात, तेथवरच भार ठेवणें इष्ट. शेवटच्या बरगडीमागें कंबरेचा भाग येतो, आणि त्याला खालून बरगड्यांचा आधार नसतो. लहान तट्टाची पाठ आंखूड. मोठ्या माणसाला मोठें खोगीर लागतें. तें तट्टावर घातलें कीं मागची कड कंबरेवर येते. लहान खोगीर घातलें तर स्वार त्याच्या मागच्या काठावर सरकून बसतो. दोन्ही प्रकारांत भार जेथें नको तेथें पडतो. इंग्लंडांत न्यूमार्केट येथें निरनिराळ्या वजनाचे चार स्वार सहा घोड्यांवर बसवून झालेल्या प्रयोगाचा वृत्तान्त २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दोघां अधिक जड स्वारांच्या फेऱ्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, कारण घोडे तात्पुरते लंगडूं लागले. त्यांतल्या एकाचा भार तर वीस टक्क्यांच्याहि आंत होता. खोगीर स्वाराच्या मापाचें नसणें हेंहि त्याचें एक कारण असावें, असें संशोधकांनीं नमूद केलें आहे. 'जाड माणसानें घोड्यावर बसूं नये' असा निष्कर्ष त्यांनीं काढला नाहीं. आपल्या मापाचा घोडा आणि दोघांच्याहि मापाचें खोगीर निवडावें, असा काढला.

लोक हंसतात तें मात्र भलत्याच गोष्टीला. उंच माणसाचे पाय तट्टाच्या पोटाखालीं लोंबतात हें दिसायला विचित्र खरें, पण लोंबत्या पायांनीं पाठीवरचें वजन वाढत नाहीं. साठ किलोंचा उंच सडपातळ स्वार नव्वद किलोंच्या ठेंगण्या स्वारापेक्षां तट्टाला केव्हांहि पतकरेल. उंचीचा दोष एवढाच कीं, अशा स्वाराचा गुरुत्वमध्य वर जातो. तो डुलला म्हणजे तट्टाचा तोल अधिक बिघडतो, आणि तोल सांवरण्याची कला अंगीं नसेल तर तट्टाला आपला तोल सांभाळून स्वाराचाहि सांभाळावा लागतो.

यावरून स्वाराच्या शिक्षणाचें महत्त्व ध्यानीं येईल. उभ्या तट्टावर साठ किलोंचा माणूस साठ किलोच असतो. तट्टू दुडक्या चालीनें निघालें कीं प्रत्येक उसळीला तो वर जाऊन खालीं येतो, आणि पाठीवर क्षणभर पडणारा दाब त्याच्या वजनाच्या सुमारें दुप्पट होतो. शिकलेला स्वार रिकिबीवर वजन तोलून चालीशीं एकजीव होतो. नवखा माणूस पोत्यासारखा आपटत राहतो. दुर्दैवानें थंड हवेच्या ठिकाणीं भाड्याचें तट्टू घेणारे बहुतेक जण नवखेच असतात. त्यांत चढउतार, सैल दगड आणि दिवसभराच्या फेऱ्या यांची भर. सपाट मैदानावर अर्धा तास जो भार सोसेल, तो घाटवाटेवर चार तास सोसेलच असें नाहीं. वयाचाहि विचार हवा. घोड्याच्या कण्याचीं हाडें पूर्ण पक्कीं व्हायला पांच-सहा वर्षें लागतात. कोंवळ्या किंवा थकलेल्या जनावराला एकपंचमांशाचा नियम लावूं नये.

कायद्यानेंहि या बाबतींत कांहीं रेघा आंखल्या आहेत. आपल्या देशांत १९६५ च्या नियमांनीं ओझ्याच्या तट्टावर ७० किलोंपेक्षां अधिक भार घालण्यास मनाई केली. दिवसांतून नऊ तासांपेक्षां अधिक आणि विश्रांतीवांचून सलग पांच तासांपेक्षां अधिक काम घेण्यासहि मनाई केली. ग्रीस देशांत सांतोरिनी बेटाच्या पायऱ्यांवरून प्रवासी वाहणाऱ्या गाढवांची हाकाटी झाल्यावर तेथील सरकारनें २०१८ सालीं असा नियम केला कीं, जनावरावर १०० किलो किंवा त्याच्या वजनाचा पांचवा हिस्सा यापेक्षां अधिक भार असूं नये. परंतु प्रत्येक वळणावर तराजू घेऊन शिपाई उभा राहूं शकत नाहीं. तेथें गिऱ्हाइकाची विवेकबुद्धि हाच खरा शिपाई.

म्हणून तट्टावर बसण्यापूर्वीं दोन मिनिटें त्याच्याकडे पाहावें. खोगीर उचलायला सांगावें. पाठीवर जखम, सूज किंवा सोलवटलेली कातडी असेल तर त्यावर कोणींहि बसूं नये, मुलानेंहि नाहीं. खोगीराच्या जागीं पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तेथें पूर्वीं दाब बसून इजा झाली होती असें बहुधा समजावें. पाठीवर हलक्या हातानें दाबतांच तें दचकून खालीं वांकत असेल, तर तें आपल्याला 'नाहीं' म्हणत आहे. चालतांना तें कान मागें पाडून सारखें शेपूट फटकारूं लागलें, आंखूड पावलें टाकूं लागलें, अडखळूं लागलें, तर उतरावें. चढतांनाहि रिकिबीला लोंबकळून चढूं नये. एखाद्या ओट्यावरून किंवा दगडावरून चढावें, म्हणजे तट्टाची पाठ एका अंगाला ओढली जात नाहीं.

कोणी म्हणेल, आम्हीं असे चिकित्सक झालों तर गरीब घोडेवाल्याच्या पोटावर पाय येईल. मला उलट वाटतें. त्याचें सारें भांडवल चार पायांवर उभें आहे. पाठ गेलेलें तट्टू त्याला एक दिवसहि मिळवून देत नाहीं, आणि दाणावैरण मात्र रोज मागतें. जड गिऱ्हाइकानें मोठा घोडा मागितला, लहान तट्टें मुलांसाठीं ठेवलीं, आणि मोठा घोडा नसेल तेव्हां लगाम धरून पायीं चालण्याचेंहि भाडें आनंदानें दिलें, तर घोडेवाल्याचें आणि तट्टाचें, दोघांचेंहि आयुष्य वाढेल. लहान मुलांचें तट्टू शिकवून तयार करण्यासाठीं एखाद्या हलक्या, निष्णात प्रौढ स्वारानें त्यावर थोडा वेळ बसणें हें अपायकारक नाहीं. तें हितकारकहि असतें, कारण बिघडलेल्या संवयीचें तट्टू मुलाला धोकादायक. तेथेंहि हिशेब तोच: वजन, जागा, वेळ आणि स्वाराचें कसब.

आपल्या भाषेंत निरुपयोगी भरणा करण्यास 'खोगीरभरती' म्हणतात. पाठीला टोंचूं नये म्हणून खोगीरांत जें कांहीं मिळेल तें कोंबीत, त्यावरून तो शब्द आला. खोगीरांत काय भरावें याचा विचार आपल्या पूर्वजांनीं केला. खोगीरावर किती भरावें याचा विचार आतां आपण करावयाचा आहे. तट्टाला बोलतां येत नाहीं हें खरें. परंतु फीत, थोडी त्रैराशिकाची आठवण आणि दोन मिनिटांचें अवलोकन एवढ्या साहित्यावर त्याचें म्हणणें आपल्याला पुरतें कळूं शकतें. तें ऐकून घेतल्यावर ज्याला बसतां येईल त्यानें खुशाल बसावें, आणि ज्याला येणार नाहीं त्यानें माथेरानची तांबडी वाट पायांनीं तुडवावी. ती वाट पायीं चालणारालाहि तितकीच रम्य आहे.